फाट्यावर बादल आपणहून वळला

मी एक जुना टांग्याचा घोडा आहे, मित्रांनो. नाव बादल. एक काळ असा होता, की बदनापूर स्टेशनावर उतरलेला माणूस आधी मला शोधायचा, मग माझ्या मालकाला, बद्रीनाथला.

कारण मला माणसांच्या मनातलं ओळखता यायचं. जादू कसली! हातात थर्मास असला, की बहुधा दवाखाना. रिकामी पिशवी असली, की बहुधा बाजार. 'बहुधा' बरं का! एका खुणेवर धावायचं नसतं. रिकामी पिशवी घेतलेली बाई गजरा माळून आली, तर बाजाराचं पारडं हलकं आणि माहेराचं जड. माहेराहून कुणी रिकाम्या हाताने परततं का? वळण आलं, की लगाम ओढण्याआधीच मी वळायचो. लोक म्हणायचे, "बद्रीनाथ, याला बराबर कळतंय की!" मी कान ताठ करून ऐकायचो. स्तुती कुणाला कडू लागते?

मग काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आल्या. टांगा अंगणात पडून राहिला आणि त्याच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. माझा हरभरा बंद झाला. बद्रीनाथ माझ्याकडे बघायचंच टाळू लागला.

एका सकाळी त्याच्या बायकोने, गोजरबाईने, मला गूळ चारला, कपाळाला कुंकू लावलं आणि पदराने डोळे पुसले. बद्रीनाथच्या खांद्यावर नवी दोरी होती. आमच्याकडे जनावर विकलं तरी घरचं दावं देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. घेणाऱ्याच्या हाती दुसरी दोरी देतात. मग ही दोरी मला घेणाऱ्यासाठी? तरी मनाला म्हटलं, थांब बादल, नालबंदाकडेही नेत असेल.

नालबंदाची गल्ली मागे पडली. गुरांचा दवाखानाही मागे पडला. पुढे फाटा आला. डावीकडे दुधना नदीकाठचं कुरण, उजवीकडे जनावरांचा बाजार. चरायला बांधायलाही दोरी लागतेच की! पण मग तो गूळ? ते डोळ्यांतलं पाणी?

फाट्यावर बद्रीनाथ थांबला. दावं ओढेना. मला फार भीती वाटत होती, मित्रांनो. पण सगळ्या खुणा बाजाराकडेच बोट दाखवत होत्या, आणि मालकाच्या मनातलं ओळखून आधी वळायचं, एवढंच मी जन्मभर शिकलो होतो. मी आपणहून उजवीकडे वळलो.

बद्रीनाथ रस्त्यातच मटकन खाली बसला.

"कळलं का रे तुला? आन् कळूनबी निघाला?" एवढंच बोलला आणि माझ्या पायाला धरून ढसाढसा रडला. मग उठला आणि त्याने माझं तोंड घराकडे फिरवलं.

अंगणात माझ्यापुरता कडबा आधीच टाकलेला, बादली काठोकाठ भरलेली! बद्रीनाथ बघतच राहिला. "तुला कसं ठावं, आम्ही माघारी येणार म्हून?"

"बाजारला जाणारा माणूस भाकर बांधून नेतो," गोजरबाई म्हणाली. "तुम्ही चुलीपाशीच ठिवून गेल्ता. मंग म्हणलं, ह्यांच्यानं काय इकणं व्हत न्हाई."

बघा! माझ्यासारख्या हुशाराच्या नजरेतून भाकरच सुटली होती.

त्या नव्या दोरीवर आता गोजरबाईचं लुगडं वाळतं, आणि मी त्याच्या सावलीत उभा असतो. मित्रांनो, मुकं जनावर तुमच्या हातापायांवरून तुमचं मन वाचतं. म्हणून त्याला कुठे नेण्याआधी स्वतःच्या मनाला नीट विचारा. तुम्ही ठरवाल, तिकडे ते ओढल्याशिवायही वळतं.