पाळीवरून पाणी

मुलांनो, असं समजा की तुम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या उंच बांधावर बसला आहात आणि खाली परसात एक म्हातारा दोन नळ्यांपुढे उकिडवा बसून त्या दाबून पाहतो आहे. एक कापडी, मनगटाएवढी जाड. दुसरी रबरी, काळी, अंगठ्याएवढी.

गोष्ट तिरोड्याजवळची, इंग्रजांच्या काळातली. दोन्ही नळ्या गोंदियाच्या दुकानदाराने ओळखीवर पाठवल्या होत्या. पसंत पडेल ती ठेवायची, दुसरी बुधवारच्या बैलगाडीने परत. म्हातारे सेवकराम. त्यांच्या पणजोबांनी तलाव बांधलेले. गावात पाट खोदायचा तर उतार त्यांच्या नजरेने ठरे. सून अनुसयाबाई पाळ चढून-उतरून वांग्यांच्या रोपांना घागरींनी पाणी घाली. तिचे खांदे सुजले होते. नळी चालली नाही, तर पुन्हा घागर होतीच.

सेवकरामांनी जाड नळी निवडली. पाट मोठा तर पाणी मोठं, हा त्यांचा हिशेब. एक टोक तलावात, मधला भाग पाळीवरून, दुसरं टोक परसात. नळी सापाच्या कातीसारखी पडून राहिली.

कुंपणापलीकडून शेजारी बिसराम म्हणाला, "सेवकरामजी, पानी निजलं का जी?"

"पानी चढत नाही, उतरते," सेवकराम म्हणाले. "सूनबाई, दोन्ही वापस पाठव."

"बरं, मामाजी," म्हणून अनुसयाबाईने घागर उचलली. सेवकराम मात्र बिसरामच्या अंगणात गेले आणि पाणी का चढत नाही ते त्याला समजावू लागले.

नऊ वर्षांची नात गंगा हे सारं बघत होती. कमळाच्या पोकळ देठाने ती रोज तलावाचं पाणी ओढून पीत असे, आणि ते पाणी तर चढत होतं. तिने जाड नळीला तोंड लावून ओढलं. नळीच आत बसली, म्हाताऱ्याच्या गालांसारखी.

मग तिने रबरी नळी तशीच पाळीवरून टाकली. ही कडक होती, चेपली नाही. गंगाने ओढलं, टोकाला अंगठा लावून दम घेतला, पुन्हा ओढलं. चौथ्या खेपेला तोंडात गार, चिखलट पाणी भरलं. ते थुंकून तिने अंगठा घट्ट दाबला. पाणी आतून धक्के देऊ लागलं.

अनुसयाबाईने घागर खाली ठेवली. "सोड नं वं."

गंगाने नाही म्हणून मान हलवली. पलीकडे आजोबा तिसऱ्यांदा तेच समजावत होते, आणि बिसराम गालात हसत होता.

"आबाजी, या जरा," तिने हाक मारली. "मले काही जमून नाही राहिलं. तुमीच पाहा."

सेवकराम कुरकुरत आले. बिसरामही कुंपणाशी आला. गंगाने आजोबांचा जाड अंगठा धरून टोकावर ठेवला, आपला हळूच काढून घेतला, आणि आजोबांच्या हातून पाणी सुटताना बिसरामला नीट दिसावं म्हणून बाजूला सरकून उभी राहिली.