गोठ्यातली होडी

मी होडी बोलतेय, पण पाण्यावरून नाही. सारंगखेड्यातल्या एका गोठ्यातून बोलतेय. माझ्या पोटात कडबा भरलाय आणि नाकाला म्हशीचा दोर बांधलाय.

मला रेवजींनी घडवलं. तापीत जाळी टाकणारा माणूस तो. सागाच्या फळ्या जोडल्या, सांध्यांत डांबर भरलं. पुढे गुडघे थकले तेव्हा त्यांनी मला गावातल्याच उमाकांतच्या हवाली केलं.

उमाकांत शहाद्याला नोकरीला. दिवसभर कानाला फोन आणि फोनमध्ये चिडलेली माणसं. घरी आला तरी जबडा आवळलेलाच असायचा. त्याने मोबाइलवर बघून बघून बांबूची डोलकाठी उभारली, ताडपत्रीचं शीड शिवलं. बॅरेजच्या बंधाऱ्यामागे तापीचं पाणी रुंद आणि संथ. आधी आम्ही नुसते गोल गोल फिरलो. मग वारा कुठून धरायचा ते त्याला जमलं. काठ सुटला की त्याचे खांदे खाली उतरायचे, मला ते शिडाच्या दोरीवरच्या पकडीतून कळायचं. रविवार आमचा झाला.

त्याची बायको सुनिता काठावर कपडे धुवायची. सासूबाई छबूबाई लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं सगळं सुनिताकडे. रविवार असो की सोमवार.

एकदा मला ढकलताना उमाकांत शीळ घालत होता. तिने पिळलेलं लुगडं बादलीत टाकलं.

"तुम्ही हलका व्हई येतस. मी कोठे जाऊ?"

तो म्हणाला, "मायजोडे कोन ऱ्हाई?"

"काजल बसनी शे. मी सांगी उनू."

शेजारची काजल. म्हणजे सुनिताने आधीच ठरवलं होतं.

ती बसली तेव्हा दोन्ही हातांनी माझ्या कडा घट्ट धरून होती. मध्यावर वारा भरला, मी एका अंगावर कलले. उमाकांत घाबरून दोरी सैल करू लागला.

"ऱ्हाऊ द्या," सुनिता म्हणाली. "जाऊ द्या तिले."

सुकाणू तिने स्वतःच्या हातात घेतलं. तिचा पदर उडाला, तिने सावरला नाही. ती हसली, मोठ्याने, पाण्यावर दूरवर ऐकू जाईल अशी. इतकी वर्षं काठावर मी तिला पाहत आले. हे हसू मला माहीत नव्हतं.

परतलो तेव्हा काजल काठावर रडत उभी. ती पाणी आणायला उठली तेवढ्यात छबूबाई खाटेवरून पडल्या होत्या. मनगट मोडलं.

संध्याकाळी ब्राह्मणपुरीहून उमाकांतचे थोरले भाऊ जगदीश आले.

"माय घरमा पडेल शे नि तू बायकोले लिसन नदीमा फिरी ऱ्हायना?"

उमाकांतने खाली बघितलं. "मी नहीच म्हनत व्हतू. तिनाच हट्ट व्हता."

सुनिता चुलीपुढे होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मला बैलगाडीवर घालून इथे आणलं. उमाकांतचा जबडा पुन्हा आवळला गेला. सुनिता कामापुरतं बोलते. आम्ही तिघंही आपापल्या दोराला बांधलेले.

पण दुपारी घर निजलं की ती येते. कडबा बाजूला सारते, माझ्यात बसते, सुकाणूवर हात ठेवते आणि डोळे मिटते. आतून हाक आली की उठते.

काल छबूबाईंना खुर्चीवर बसवून अंगणात उन्हाला ठेवलं होतं. गोठ्याचं दार उघडं राहिलं. त्यांची नजर सुनितावर पडली. सुनिता दचकून उठली. म्हातारीने धड असलेला हात हळूहळू उचलला. जीभ जड, तरी शब्द निघाला.

"बस... बस, पोरी."

सुनिता पुन्हा बसली आणि माझ्या फळीवर कपाळ टेकून रडली.

कोरडी राहिले की माझे सांधे उकलतात. दोन बोटं जातील एवढी फट पडलीय. उमाकांत, मला सोडवायला येशील तेव्हा डांबर आण. आणि त्या दिवशी आईजवळ तू बस. सुकाणू सुनिताला येतं.