थापाड्याचा खुलासा

सातवा पाव घशाखाली ढकलून थापाड्या बेकरीच्या पायरीवरून ओरडला, "बघा, आहे ना मी जिवंत?"

समोर शंभरेक माणसं जमली होती. कुणी हसलं नाही.

सलूनमध्ये वस्तरा आणि जीभ एकाच वेगाने चालवणारा हा माणूस. म्हणे एकदा गिऱ्हाइकाच्या दाढीतून त्याने पिल्लांसकट चिमणीचं घरटं काढलं होतं आणि जाताना चिमणीने आभार मानले होते. त्याच थाटात गेल्या आठवड्यात त्याने ठोकून दिलं, की दुसऱ्या जमातीचा हा बेकरीवाला पिठात गुंगीचं औषध घालतो. आपली माणसं पेंगली, की पत्त्यांत जिंकतो. तोंडाला फेस लावून खुर्चीत बसलेला बेकरीवालाच हसून हसून बेजार झाला होता. चाळीस वर्षांची दोस्ती!

बाकावरच्या कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. त्यातून पत्त्यांची गोष्ट कापली, हसू कापलं, औषध तेवढं ठेवलं. मग ते ज्या अ‍ॅपवर टाकलं, त्या कंपनीने ते कुणी न मागता घरोघरी वाढलं. चार दिवसांत नऊ लाख लोकांनी पाहिलं.

थापाड्याच्या मुलीने कंपनीकडे तक्रार केली.

"बाबा, उत्तर आलं. नियमांत बसतं म्हणतात."

"कुणी तपासलं?"

"कोण तपासणार? तीन सेकंदांत आलंय."

"अगं, बोलणारा मीच सांगतोय ना, खोटं आहे म्हणून!"

"ते लिहायला जागाच नाहीये त्यात. खाली तुमचं अभिनंदन केलंय. असंच आणखी बनवा म्हणतात."

त्याने खुलासा बनवून टाकला. तो सदतीस जणांनी पाहिला. त्यातले एकोणीस नातेवाईक. काल लोकांनी बेकरीवाल्याच्या भावाचं दुकान जाळलं. म्हणून आज थापाड्या सकाळपासून या पायरीवर बसून पाव खात होता.

"काका, धमकावलंय का यांनी तुम्हाला?" गर्दीतून एकाने विचारलं.

"अरे बाबा, थाप होती ती! आयुष्यात एक तरी खरं बोललोय का मी?"

"मग आज कशाला बोलाल?"

पहिला दगड त्याच्या कानाजवळून गेला. मागची काच खळ्ळकन फुटली. दार किलकिलं झालं.

"आत ये, गाढवा," बेकरीवाला म्हणाला.

"बायकोमुलं?"

"मागच्या दाराने गेली. पोचली असतील."

"मग तूही जा. मी बोलत बसतो यांच्याशी. कडी लाव."

कडी लागली नाही. दार सताड उघडून बेकरीवाला बाहेर आला. पिठाचे हात झटकून त्याने थापाड्याला कोपराने जरा सरकवलं आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसला.

समोरचे मोबाइल एकदम वर झाले.