प्रयागबाईंचं गाऱ्हाणं

उमरठच्या मंजुळेला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं गेलं. गावाने कारणं हातोहात पुरवली. कुणी म्हणे आंबेनळी घाटात एसटीचे धक्के बसले, कुणी म्हणे पपई खाल्ली असेल. सांगणाऱ्याचं काय जातं! मंजुळा मात्र स्वतःलाच कोसत राहिली. पुन्हा असं झालं तर आपल्याला वेड लागेल, याची तिला भीती वाटायची.

शेवटी धोंडू बायकोला घेऊन महाडला डॉक्टर चारुलताबाईंकडे निघाला. सोबत त्याची आई, प्रयागबाई. त्यांचं तोंड एकदा सुटलं की बांध घालणारा अजून जन्मायचा होता!

सोनोग्राफीत पिशवी ठीक निघाली, साखरही ठीक.

"धक्क्याने, पपईने असं होत नाही, ते आधी डोक्यातून काढ," डॉक्टर म्हणाल्या. "बऱ्याचदा गर्भच मुळात नीट धरलेला नसतो. त्यात कुणाचा दोष नाही. पण दोनदा झालंय, तर कारण शोधू. आणखी काही त्रास होतो?"

"नाय," मंजुळा पुटपुटली. सासूसमोर दुखणं सांगायची तिची छाती नव्हती.

"ती काय सांगनार!" प्रयागबाई उसळल्या. "उन्हं वर आली तरी लोळते. वैशाखात पापड घालताना अंगावर शाल! केस गळतात ते माझ्या भाकरीत. आवाज घोगरा. कासार आला तर सुजल्या हातात बांगडी जात नाय. आळशी मेली!"

मंजुळेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र उठल्या आणि तिचा गळा चाचपू लागल्या.

"आजी, हा आळस नव्हे. तुम्ही आजार सांगताय."

रक्त तपासलं, थायरॉईड निघाला. गळ्यातली ग्रंथी मंदावली होती, आणि गर्भ न टिकण्याचं तेही एक कारण असू शकतं. रोज उपाशीपोटी गोळी घ्यायची, रक्त ताळ्यावर आलं की मग मुलाचा विचार.

परतीच्या एसटीत प्रयागबाई सुनेच्या सुजल्या हातांकडे बघत राहिल्या. पोलादपूर आलं तशी त्यांनी पिशवीतून शाल काढून सुनेच्या खांद्यावर टाकली. "घे गो. वारा लागतोय."

दुसऱ्या दिवसापासून चहाआधी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन सासूच उशाशी उभी! पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी वाढवली, आणि तिसरा महिना सरला, नववाही सरला.

बारशाला बायकांनी विचारलं, "कुठल्या देवाचा नवस फळला गो?"

मंजुळेने लेक उचलून सासूच्या मांडीवर ठेवली. "नवस नाय. आईंनी माझ्या कागाळ्या केल्या, त्या फळल्या."

"बघा, उलटून बोलते मेली!" प्रयागबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या.