एक पायरी उजळ

लगीनघरात पहिल्यांदा तळणाचा वास यावा, अशी रीत. चामराजपेटेतल्या कावेरीच्या घरात त्या आठवड्यात मात्र स्पिरिटचा वास कोंदला होता. शेजारच्या सोयराबाई नाकाला पदर लावून दारातूनच विचारून गेल्या, "अक्का, घरात कुणाला इंजेक्शन चालू आहे काय?"

"इंजेक्शन नाही हो, साखरपुडा चालू आहे," कावेरी म्हणाली. "तुमच्याच नावाचं कार्ड रंगवतेय. आत या."

"नको. वासानंच नशा चढायची मला."

कावेरीला हा नाद लेकीनेच लावला होता. रक्षिता बेळ्ळंदूरला नोकरीला. ऑफिसातून तिला एकदा हाताने केलेलं कार्ड मिळालं. ते कावेरीने उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, हे तर आपल्याला जमेल. तेव्हापासून तिची खिडकीजवळची बैठक ठरली. रबरी ठसा शाईच्या गादीवर टेकवायचा, गुळगुळीत जाड कागदावर सरळ दाबायचा, सरळ उचलायचा. मागे काळ्या रेघांचं चित्र उरतं. मग मार्कर. फिका आधी, गडद नंतर. आणि पहिला ओला असतानाच दुसरा त्याला भिडवायचा. थंडीत दोघी बहिणींनी एकाच घोंगडीत शिरावं तसे रंग एकमेकांत शिरतात, सांधा दिसत नाही. सुकू दिलं की संपलं. मग एकीचं अंथरूण इकडे, दुसरीचं तिकडे.

रक्षिताचं लग्न गिरीराजशी जमलं. मंडळी मूळची निपाणीची, आता व्हाइटफील्डला राहणारी. तेव्हा कार्डं आईनेच करायची हे न बोलता ठरलं. कावेरीने नवरानवरीचा खास ठसा कोरून आणला. नवऱ्याला फेटा, नवरीला नथ आणि शालू, दोघांचे चेहरे एकमेकांकडे जरासे वळलेले.

पहिलं कार्ड रंगवून झालं त्याच दिवशी विहीणबाई उल्काताई साडी दाखवायला आल्या. कार्ड हातात घेऊन खूश झाल्या. "किती क्यूट! फेटा तर अगदी आमच्या गिरीचा." मग कार्ड जरा लांब धरलं. "फक्त एक सांगू का, कावेरीताई? राग नका मानू. नवरीला एक शेड उजळ करा ना. चित्रच तर आहे."

स्वयंपाकघरात रक्षिता कॉफी गाळत होती. गाळणीचा आवाज थांबला.

कावेरीने कार्ड हळूच परत घेतलं. "चित्र आहे खरं, उल्काताई. पण खाली नाव माझ्या लेकीचं आहे. लेक आहे तशीच रंगवीन."

"बघा, सुचलं ते म्हटलं," उल्काताई हसून म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी येते कार्डं न्यायला." कॉफी पिऊन त्या गेल्या. हसू मात्र खोलीतच विसरून गेल्यासारखं वाटत राहिलं.

कावेरीला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. रक्षिताच्या जन्माच्या वेळी सुईणीने "पोरगी स्वल्प काळीच" म्हटलं होतं, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. दोन वर्षांपूर्वी एक स्थळ "पत्रिका जुळत नाही" म्हणून परत गेलं, तेव्हाही ती गप्प बसली. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती, हे लेकीला कधी कळू दिलं नाही. या वेळी मात्र ती बोलली होती. त्या तोऱ्यात तिने सगळी कार्डं रंगवून काढली, दोन्हीकडच्या जवळच्या माणसांना पुरतील एवढी, आणि खाटेवर वर्तमानपत्र पसरून ओळीने मांडली.

रविवारी दुपारी ती फुलांचं सांगायला मार्केटला गेली. परत आली तेव्हा रक्षिता खिडकीजवळ तिच्या जागेवर बसली होती. पाठ दाराकडे. खांदे चोराचे.

"काय करतेस गं?"

रक्षिता दचकली. हातात बिनरंगी मार्कर होता. त्यात रंग नसतो, नुसतं स्पिरिट. कावेरी त्याने कमळाच्या पाकळीवर उजेडाची तिरीप ओढायची, ते पोरीने पाहिलं होतं. तिला वाटलं, याने रंग पुसला जातो. पण रंग पुसला जात नाही, ढकलला जातो. मधला थोडा फिका होतो आणि हाकललेल्या माणसांनी वेशीवर जाऊन उभं राहावं तसा कडेला जमतो. नवरीच्या गालावर पांढुरके डाग पडले होते. तपकिरी कड रेघ ओलांडून नवऱ्याच्या फेट्यात घुसली होती. एका कार्डावर नाही. खाटेवरची अर्धी ओळ तशीच.

"रक्षिता!"

"मी थोडंच करणार होते, अम्मा. त्यांना हवं तेवढंच. मग एक बिघडलं, म्हटलं दुसऱ्यावर जमेल. मग तेही..."

कावेरीच्या हातातली पिशवी खाली बसली. "मी त्यांच्या तोंडावर नाही म्हटलं. ऐकलंस ना तू? कुणासाठी म्हटलं?"

"ऐकलं. म्हणूनच तर बसले इथे."

"गिरीराज काही बोलला?"

"नाही."

"तू विचारलंस?"

"विचारलं आणि तो जरासा गप्प बसला तर? मला तो आवडतो, अम्मा. एका गालाच्या रंगावरून भांडण नको होतं मला. चित्रातली बाई उजळ झाल्याने माझं काय जाणार होतं?"

कावेरी खाटेच्या कडेवर टेकली. "बाळा, तुला मी कधी कमी लेखलं का? पाळण्यापासून गात आले,

सावळी गं माझी लेक, नाचणीचं रान
पाखरांच्या थव्याला ठावं त्याचं दान."

"हो ना," रक्षिता म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "आणि विराजला काय गायचीस?"

विराज थोरला लेक, पुण्याला असतो. वडिलांवर, अप्पांवर गेलेला, लख्ख गोरा. कावेरीला ओळ आठवली आणि ती म्हणायची थांबली. रक्षितानेच म्हटली,

"विराज गं माझा बाळ, घोड्यावर स्वार
वाटेतल्या गावांनी उघडावं दार.

त्याच्या गाण्यात त्याचा रंग कुठे आहे, अम्मा? तो घोड्यावर बसतो, गावं जिंकतो. मी प्रत्येक ओळीत आधी सावळी असते, मग लेक. तू रोज इतकं समजावत होतीस की मला कळलं, यात समजावण्यासारखं काहीतरी आहे."

बाहेर आंबेवाला ओरडत गेला. राग यावा असं कावेरीला वाटत होतं, पण येत नव्हता. शेवटी ती कामाकडे वळली. हातांना तेवढंच ठाऊक होतं. "ठसा मारलेले कागद आहेत अजून. चेहरा कोराच ठेवूया. नुसता कपड्यांना रंग."

रक्षिता नाकातून हसली. "कोरा म्हणजे पांढराच की. उल्काकाकूंना तर सोन्याहून पिवळं."

कावेरीलाही हसू फुटलं आणि हसताहसता डोळे भरले. तिने न बिघडलेलं एक कार्ड उचलून लेकीपुढे धरलं. "हे बघ. ही तू आहेस. हिच्यात लपवण्यासारखं काय आहे, सांग."

रक्षिताने कार्ड घेतलं. मग बाही वर केली, मनगट कार्डाला लावलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"अम्मा," ती म्हणाली, "हीपण मी नाही."

कावेरीने पाहिलं. पाहायचं नव्हतं तरी पाहिलं. मनगट आणि कार्डावरचा गाल यांच्यात रंगाची सरळ एक पायरी होती. ओला असताना हा रंग गडद दिसतो आणि सुकला की उतरतो. हे तिला पहिल्या महिन्यातच कळलेलं. शालू रंगवताना ती नेहमी एक पायरी गडद मार्कर घ्यायची. चेहरा रंगवताना मात्र ओल्या रंगाकडे बघून "बरोबर आहे" म्हणाली होती आणि सुकलेल्याकडे परत पाहिलं नव्हतं. उल्काताईंना तोंडावर नाही म्हटलं आणि हाताने अर्धं हो म्हटलं. अभिमान केवढा वाटला होता!

"माझ्या ध्यानात..." ती म्हणाली आणि थांबली. ध्यानात आलं नव्हतं हे खोटं होतं. "मला भीती वाटली गं. आधीच्यांनी पत्रिका बघितलीच नव्हती."

"ठाऊक आहे मला," रक्षिता म्हणाली. "अप्पांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुला सांगू नको म्हणाले."

मग कावेरीने तपकिरी मार्करांचा डबा लेकीपुढे सरकवला. असं तिने कधी केलं नव्हतं. "तूच काढ. टोपीच्या रंगावर जाऊ नको, टोप्या खोटं बोलतात. कागदावर ओढ, सुकू दे, मग हाताशी लावून बघ."

रक्षिताने ओढलं. फुंकर घातली. पुन्हा ओढलं. एक फार लाल निघाला, एक मातकट. मग एक रेघ सुकली आणि मनगटाला लावल्यावर दिसेनाशी झाली. तिने कोऱ्या नवरीचा गाल त्या रंगाने भरला. रंग हनुवटीशी रेघेबाहेर गेला. कावेरीने दुरुस्त करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. "कावेरीताई, पटकन द्या हं, गाडी गल्लीत अडकलीय," म्हणत उल्काताई आत आल्या. त्यांची नजर खाटेवरच्या डागाळलेल्या ओळीवर गेली. "अगंबाई! हे काय झालं?"

"मी बिघडवली, काकू," रक्षिता उठून म्हणाली. ओलं कार्ड तिने दोन बोटांत धरलं होतं. "गोरी करायला गेले. जमलं नाही. आता सगळी अशी होतील. ही मी."

उल्काताईंनी कार्ड पाहिलं. मग पोरीचा चेहरा पाहिला, आणि पुन्हा कार्ड. "कावेरीताई, आपलं बोलणं झालं होतं ना?"

"झालं होतं. मी तुम्हाला नाही म्हटलं आणि गुपचूप निम्मं ऐकलं. ते चुकलं माझं."

"अहो, मी काय वाईटासाठी सांगते का? घरात आत्या आहेत, माम्या आहेत. कार्ड हातात पडलं की पहिलं काय बोलतील, मला पाठ आहे. माझ्या लग्नात मलाही बोलले होते ना, रंगावरून."

"मग तुम्ही काय केलंत, काकू?" रक्षिताने विचारलं.

प्रश्नात टोमणा नव्हता. बाहेर भोंगा वाजला. कुणी रिक्षावाला कन्नडमध्ये ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत होता. उल्काताईंनी फोन काढला. कावेरीला वाटलं, हा फोन मुलालाच.

"पुढे नेऊन लाव गाडी," उल्काताई फोनमध्ये म्हणाल्या. "मला वेळ लागेल." मग रक्षिताला, "सगळी कधी होतील?"

"उद्या."

"आणि एक? एक व्हायला किती वेळ?"

रक्षिताने खाली बसून नवा कागद ओढला, मार्करची टोपी काढली. ही बाई थांबते आहे की लग्न मोडायला शब्द शोधते आहे, कावेरीला कळेना. तिने खुर्ची पुढे केली. उल्काताईंनी खुर्चीवर पर्स ठेवली आणि स्वतः उभ्याच राहिल्या, रक्षिताच्या खांद्यावरून वाकून, नवरीचा गाल भरत जाताना बघत.