कायद्याला आलेली शंका

पाववाल्या मावशींना अखेर घटस्फोट मिळाला आणि त्याच आठवड्यात त्यांच्या माजी नवऱ्याने दुसरीशी लग्न लावलंसुद्धा. त्यांच्या देशात पुरुषाला कायदा आडवा येत नाही. बाईने मात्र काही महिने थांबायचं. न जाणो, पोटात जुन्या नवऱ्याचं मूल असलं तर? मावशी साठीला टेकल्या होत्या आणि त्या गृहस्थाने कित्येक वर्षांत घरात पाऊल टाकलं नव्हतं. पण कायदा भारी दूरदृष्टीचा, चमत्काराचीही सोय करून ठेवतो!

एरवी मावशी थांबल्याही असत्या. पण त्यांचा होणारा नवरा, बेकरीसमोरचा घड्याळवाला, हृदयाच्या ऑपरेशनला निघाला होता. त्याला आगापिछा कोणी नाही, आणि ऑपरेशननंतर जवळ बसायला इस्पितळ फक्त घरच्या माणसाला सोडतं. शुद्धीवर येताना तो एकटाच असणार, हे मावशींना मुळीच मान्य नव्हतं.

त्या भट्टी भाच्यावर सोपवून तडक लग्नाच्या कचेरीत गेल्या.

"साहेब, माझ्या डोक्यावर एक तरी काळा केस दिसतो का?"

"काकू, कायद्यात केसांचा रंग लिहिलेला नाही," कारकून म्हणाला.

"मग डॉक्टरांचा दाखला आणते."

"आणा की. तो जजसाहेबांपुढे जाईल. ते रजेवर आहेत, मुलीचं लग्न आहे."

"वा! कुणाचं तरी होतंय म्हणायचं."

घड्याळवाल्याने ऐकलं आणि तो लगेच दिलदार झाला. "आपलं लग्न होईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलू."

"गप्प बस!" मावशी कडाडल्या. "विधवा व्हायला आधी बायको व्हावं लागतं. मला तेवढीही परवानगी नाही."

मग मात्र त्यांना रडू फुटलं. तो निमूटपणे ऑपरेशनला तयार झाला.

ऑपरेशन पार पडलं. अतिदक्षता विभागाच्या दारात सिस्टरने हात आडवा घातला.

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

खोटं बोलायचं मावशींनी ठरवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी जीभ रेटेना.

"अजून कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "लग्न करू देत नाहीत. सरकारला शंका आहे, मी गरोदर असेन."

सिस्टरने त्यांना पांढऱ्या केसांपासून पिठाने माखलेल्या चपलांपर्यंत न्याहाळलं. हसली नाही. आत जाऊन तिने एक खुर्ची ओढली आणि घड्याळवाल्याच्या उशाशी लावली.

"या, बसा," ती म्हणाली. "अशा दिवसांत बाईने फार वेळ उभं राहू नये."