ट्रॅक!

शर्यतीत पळायचा तेव्हा त्याला वावटळ म्हणायचे, आणि उगीच नाही. धावपट्टीच्या आतल्या पट्ट्यात कुणी रेंगाळत असलं की हा मागून नुसतं "ट्रॅक!" ओरडायचा, माणसं टुणकन बाजूला व्हायची. आता हाच वावटळ दुकानात लोकांच्या टायरमध्ये हवा भरतो आणि स्वतः दोन जिने चढताना कठड्याला टेकतो. दिवसाला वीस सिगारेटी, बावीस वर्षं! कानाला खडा लावला तो चारदा, चारही वेळा सोमवारी.

मुलगी आठशे मीटर पळते. आज शेवटची चाचणी होती. दोन मिनिटं वीस सेकंदांच्या आत आली तरच सर तिचं नाव निवडीला पाठवणार होते. पहिली फेरी पुढे राहून वेग धरून द्यायला कुणीतरी हवं होतं.

"मी पळतो," पठ्ठ्या म्हणाला.

सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पण पोरगी अशी काही खुलली, की नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

एकच फेरी हो! जन्मात एकदा लेकीच्या पुढे पळावं, मागे तिचे पाय वाजत राहावेत. दुसरं काही नको होतं त्याला.

दोनशे मीटरपर्यंत तो वावटळच होता. मग छातीनं दगा दिला. घशात शिट्टी वाजायला लागली, मांड्या दगड झाल्या. मागचे पाय हळू झाले तेव्हा त्याला उमगलं, पोरगी बापाला बाजूला हो म्हणायला धजत नाहीये. पट्टा सोडायचा, बस. पण पाय निघेना मेल्याचा! आणखी चार पावलं, आणखी चार.

"ओरड!" तो कसाबसा बोलला.

"ट्रॅक!" आवाज रडवेला होता. तो गवतात कोलमडला.

ती जीव तोडून पळाली. दोन मिनिटं, वीस सेकंद आणि वर चार दशांश. सरांनी नकारार्थी मान हलवली.

ती त्याच्याजवळ येऊन बसली. खोकला थांबेपर्यंत पाठ चोळत राहिली.

"आधीच ओरडायचं ना गं, वेडे! माझ्यामुळे गेलं सगळं."

"ओरडवेना, बाबा," ती म्हणाली. "तुला पळताना मी कधी पाहिलंच नव्हतं."